आत माणूस पाहिजे

भारताच्या हवाई संरक्षणाची निम्मी जबाबदारी आमच्या अक्काच्या सासऱ्यांवर आहे. ही गोष्ट दिल्लीला ठाऊक नसेल, पण मन्नाएखेळ्ळीच्या आसपासच्या चार-पाच गावांना ती पक्की ठाऊक आहे. बिदरच्या तळावरून शिकाऊ वैमानिकांची विमानं उडतात आणि त्यांतली बरीचशी अप्पांच्या तुरीच्या रानावरून जातात. आवाज कानावर आला की अप्पा हातातलं काम टाकतात. औत धरलेलं असेल तर औत थांबतं. बैलांना याची इतकी सवय झाली आहे की अप्पांना ऐकू यायच्या आत तेच थांबतात. मग अप्पा कपाळावर आडवा हात धरून, विमान ठिपका होऊन नाहीसं होईपर्यंत बघत राहतात आणि निकाल देतात. "ह्ये पोरगं नवं हाय. वळताना भ्यालं." किंवा, "ह्येचा हात बसला आता. जाईल ह्ये हितून मोठ्या विमानावर." निकाल बरोबर की चूक हे तपासायला कुणाकडेच साधन नसल्यामुळे अप्पांचा एकही निकाल आजवर चुकलेला नाही.

मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं ते अक्काचं लग्न जमत होतं तेव्हा. आम्ही औराद तालुक्यातले, त्यांच्याकडे घर बघायला गेलो होतो. आम्ही कुळवाडी, ते बसवण्णांना मानणारे. असं जातीबाहेरचं लग्न आमच्या घरात पहिलंच, त्यामुळे आमचे बाबा आधीच बुजलेले. कुठल्या घरात काय रीत असते कुणास ठाऊक, आपलं काही चुकू नये, म्हणून ते यजमान जसं करतील तसं करत होते. सुसल्याच्या, म्हणजे भिजवून फोडणी दिलेल्या चुरमुऱ्यांच्या, ताटल्या आल्या, देण्याघेण्याचा विषय निघणार, एवढ्यात वरून विमान गेलं. अप्पा ताटली घेऊन उठले आणि तडक अंगणात गेले. बाबांना वाटलं, ही यांच्या घराण्याची रीत असणार. तेही ताटली घेऊन उठले. त्यांच्या मागे आमचे काका, काकांच्या मागे मामा. सगळे अंगणात ओळीनं उभे राहून आभाळाकडे बघू लागले. विमान गेल्यावर अप्पांनी मागे वळून पाहिलं आणि या सोयरिकीवर ते जे खूश झाले ते आजतागायत खूश आहेत. "माणसं जाणती हाईत," असं म्हणून त्यांनी देण्याघेण्याचा विषय काढलाच नाही. बाबा मात्र ती रीत विसरले नाहीत. लग्नात अक्षता पडल्यावर त्यांनी आमच्या सगळ्या पाहुण्यांना हळूच वर बघायला लावलं होतं. मांडवाच्या कापडाशिवाय वर काहीही नव्हतं.

अप्पांचं एक तत्त्व आहे, आणि ते एवढंच आहे: आत माणूस पाहिजे. हे त्यांनी विमानावरून शिकून जगातल्या सगळ्या वस्तूंना लावलं आहे. पैसे देणाऱ्या यंत्रातून ते पैसे काढत नाहीत. बँकेत रांगेला उभे राहतात, कारण आत माणूस बसलेला असतो. गावच्या देवळात आरतीसाठी विजेवर चालणारा नगारा आणि घंटा आणली, तर अप्पांनी पंचांना विचारलं, "देवाला काय कळत न्हाई व्हय, आत माणूस न्हाई त्ये?" फोनवर एखादी बाई ध्वनिमुद्रित आवाजात सांगायला लागली की ते तिच्याकडे तिच्या आईवडलांची चौकशी करतात, आणि ती न थांबता बोलतच राहिली की म्हणतात, "बघ, रिकामं हाय." त्यांच्या शब्दकोशात यापेक्षा मोठी शिवी नाही.

त्यांना दोन मुलगे. थोरले म्हणजे आमचे दाजी. ते कडब्याच्या गंजीवरही चढत नाहीत, त्यांना उंचीचं भय. त्यामुळे अप्पांची सगळी भिस्त धाकट्यावर. मुलांची आई धाकटा लहान असतानाच गेली आणि त्याला अप्पांनीच वाढवलं. त्याच्या पाळण्यावर त्यांनी पत्र्याचं एक विमान करून टांगलं होतं. विमान रिकामं नको म्हणून त्यात एक शेंगदाणा चिकटवून बसवला. शेंगदाण्याला मुंग्या लागायच्या, मग अप्पा नवा वैमानिक नेमायचे. हे सगळं मला अक्कानं सांगितलं, अक्काला दाजींनी, आणि दाजींच्या सांगण्यात थोडी असूया असते, कारण त्यांच्या पाळण्यावर नुसतं लुगड्याचं फडकं होतं.

धाकटा विमान चालवणार हे असं ठरलेलं होतं. पण शाळेतच त्याला चष्मा लागला. अप्पा त्याला घेऊन बिदरच्या डॉक्टरकडे गेले आणि भांडले. "लांबचं दिसत न्हाई म्हंता, मग ह्यो वरचं विमान कसा वळखतोय?" त्यावर धाकटा खाली मान घालून म्हणाला, "तुमी सांगता म्हणून वळखतो, अप्पा."

पुढे धाकट्यानं डिप्लोमा केला आणि तो ड्रोन उडवायला शिकला. आमच्याकडे आता तुरीवर अळी पडली की पाठीवर पंप घेऊन फिरणारी माणसं मिळत नाहीत, ड्रोननं फवारणी होते. धाकट्याला त्या कामावर घेतलं. तो उड्या मारत घरी आला आणि म्हणाला, "अप्पा, मी बी उडवायलोय आता!" अप्पांनी विचारलं, "तू कुटं असतोस?" "बांधावर." "आन त्ये?" "वर." अप्पा म्हणाले, "ह्येला पतंग म्हंतेत."

त्या दिवसापासून ड्रोनला अप्पांच्या घरात गोमाशी हे नाव पडलं. आणि नेमक्या त्याच काळात जगातल्या लढायांमध्ये ड्रोनचा बोलबाला सुरू झाला. हमरस्त्यावरच्या चाचांच्या हॉटेलात दिवसभर टीव्ही चालतो आणि तिथे अप्पा आणि चाचा यांचं रोज एक युद्ध व्हायचं. चाचा ड्रोनच्या बाजूचे.

"अप्पा, जमाना बदल गया ना जी. एक विमान के पैसे में हज्जार ड्रोन आते बोलते."

"हज्जार गोमाश्या बैलाला चावल्या म्हणून बैल व्हतेत का त्या?"

"नै होते. लेकिन बैल तो मरता ना अप्पा."

यावर अप्पा चहा अर्धा टाकून उठायचे आणि दुसऱ्या दिवशी नवा मुद्दा घेऊन यायचे. विमान आवाजाच्या पुढं पळतं. विमान एका राज्यातून उडून दुसऱ्यात काम करून जेवायला परत येतं. चाचा म्हणायचे, "धावपट्टीपर दो गड्ढे पड़े तो? खड़ा रैता ना फिर तुमारा विमान, रुसेले जावई के सरीका." हॉटेलातली माणसं हसायची. पण अप्पांचा शेवटचा मुद्दा यायचा तेव्हा कुणी हसत नसे. ते म्हणायचे, "ज्येच्यात जीव न्हाई, त्येनं कुणाचा जीव घेऊ न्हाई. वरच्याला बी मरायचं भ्या पाहिजे. भ्या असलं म्हंजे माणूस खाली बगून टाकतो." मला हे अजूनही अगदीच चूक वाटत नाही. पण हे वाक्य ते धाकट्यासमोरही म्हणायचे, आणि धाकटा चष्मा पुसत बसायचा.

मग ती येळवस आली. मार्गशीर्षातल्या अमावास्येला आमच्याकडे सगळं घर रानात जातं. कडब्याची खोप करतात, तिच्यात पूजा मांडतात, पालेभाज्या-शेंगांची भज्जी, बाजरीचे उंडे आणि मडक्यातलं आंबील पाहुण्यांसह पोटभर खातात, आणि त्याआधी घरातला मालक रानाच्या चारी बाजूंनी आंबील शिंपडत, आरोळी देत फिरतो. रानालाही जेवू घालायचं असतं. त्या वर्षी अप्पांचा पाय मुरगळला होता. धाकटा त्याचं ड्रोन घेऊन आला होता. तो म्हणाला, "अप्पा, आज ह्येच्यानं शिंपू का? सगळ्या रानाला मिळंल. टाकी नवी हाय, औषीद घातलेलं न्हाई." मला वाटलं अप्पा खवळणार. पण पाहुणे बघत होते, पाय दुखत होता, आणि मनात कुठेतरी कौतुकही असावं. ते म्हणाले, "बगू तरी."

अक्कानं आंबील पदरानं गाळून टाकीत ओतलं. मी पण बघायला उभी होते. ड्रोन उठलं, तुरीवरून सरळ गेलं, आंबिलाची बारीक धार सूर्यात चमकली, आणि सगळ्या पाहुण्यांनी आरोळी दिली. अप्पांनीही दिली, मी ऐकली आहे. पण आंबील म्हणजे पाणी नव्हे. त्यात ज्वारीचं पीठ, लसूण, कोथिंबीर, अक्काचा पदर कितीही झिरझिरीत असला तरी सगळं कसं अडणार? ड्रोनच्या एका अंगाच्या तोट्या तुंबल्या. सगळा जोर दुसऱ्या अंगाला गेला, आणि धाकट्यानं ते घाईनं मागे वळवलं तेव्हा खोपीपुढे पांढरं धोतर नेसून बसलेले पाहुणे नखशिखांत जेवले. मग ड्रोन तिरकं होऊन शेजाऱ्याच्या करडईत बसलं. म्हणजे अप्पांच्या रानाऐवजी शेजाऱ्याच्या रानाचं जेवण झालं.

सगळे पोट धरून हसले. अप्पांना तर युद्ध जिंकल्यासारखं झालं. ते मुरगळल्या पायावर उभे राहिले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "आत माणूस असता तर आधी चव घेतली असती त्येनं! रिकामं हाय! उडवणारा बी आन त्ये बी!"

धाकटाही हसला. मग ड्रोन उचलून विहिरीवर गेला आणि सुईनं एकेक तोटी साफ करत बसला. पंगत बसली, उठली, तो आला नाही. अक्का त्याच्यासाठी ताट घेऊन गेली तर म्हणाला, "वहिनी, ठेवा तितं. हात घाण हाईत." ते ताट संध्याकाळी तसंच परत आलं.

पुढच्या काही महिन्यांत तो सैन्यात भरती झाला. तिथं त्याला येत होतं तेच काम मिळालं, ड्रोनच्या तुकडीत. जाताना तो अप्पांच्या पाया पडला, आणि अप्पा त्याच्या डोक्यावर हात ठेवून त्यांच्याकडे नमस्काराला म्हणतात तसं "शरणू" म्हणाले, बस्स. हॉटेलात कुणी विचारलं तर ते "सैन्यात हाय" एवढंच सांगायचे. काय करतो ते सांगायचे नाहीत.

त्याचं प्रशिक्षण संपल्यावर, पुढच्या वर्षीच्या उन्हाळ्यात सीमेवर ठिणगी पडली. टीव्हीवर दिवसभर विमानं आणि ड्रोन. चाचांनी मात्र टीव्ही बंद करून ठेवला होता. अप्पा आले की ते ड्रोनचं नावही काढत नसत, नुसता चहा पुढे ठेवत. अप्पाच एकदा म्हणाले, "लाव की चाचा." चाचा म्हणाले, "जाने दो अप्पा. रिमोट खराब है."

त्याच दिवसांत अप्पा एकटे बसनं बिदरला आले आणि माझ्या वसतिगृहाच्या फाटकाशी उभे राहिले. पिशवीत कडक भाकरी आणि शेंगाची चटणी. फाटकाजवळच्या बाकड्यावर आम्ही बसलो. माझ्या घरात कॉलेजला गेलेली मी पहिलीच, त्यामुळे आमच्याकडच्या मोठ्या माणसांना वाटतं की मला सगळं माहीत असणार. मला त्याची फार लाज वाटते, कारण मला तेवढं माहीत नसतं.

"पोरी, तू शिकायलीस," अप्पा म्हणाले. "मला एक सांग. त्या गोमाशीच्या आत माणूस नसतोय. मग माणूस कुटं असतोय?"

"मागं असतोय, अप्पा. जमिनीवर."

"मागं म्हंजे किती? हितं जवळ कोळारापत्तर? का लांब हुमनाबादपत्तर?"

मी घाबरत घाबरत सांगितलं की ते ड्रोन कसलं आहे त्यावर असतं. मोठं असलं तर खूप लांब बसता येतं. लहान असलं तर जवळच राहावं लागतं.

"आपल्या धाकट्याचं कसलं हाय?"

"म्हाईत न्हाई, अप्पा. ते सांगत नसतेत."

मग अप्पा म्हणाले, "आन पलीकडची गोमाशी येती ती कुणाला हुडकती? आपल्या गोमाशीला, का तिच्या मालकाला?"

मी पिशवीतली भाकरी काढून मोडू लागले. अप्पांना त्यातून कळलं. विमानाची सगळी बाजू त्यांनी आयुष्यभर घेतली, त्या दिवशी पहिल्यांदाच ते ड्रोनची बाजू घेऊन विचारत होते. पडलं तर कुणाचं लेकरू पडत नाही, हे खरं ना? मी म्हटलं, खरं. मला वाचून जे समजलं होतं ते मी सांगितलं. लढाऊ विमान लांब जातं, जड बॉम्ब नेतं, पण वैमानिक तयार व्हायला वर्षं लागतात आणि विमानाबरोबर तो गेला तर ती वर्षं परत येत नाहीत. ड्रोन स्वस्त, थव्यानं येतं, डोक्यावर थांबून बघत राहतं. पण दोघांचंही एक सारखंच आहे, कुणीतरी कुठेतरी बसलेलं असतंच.

"ह्येची खोड काय?" अप्पांनी विचारलं. "बैलाला असती तशी. कशाला बुजतंय त्ये?"

मी सांगितलं: संदेश तोडला की आंधळं होतं, बॅटरी संपते, पाऊस नको असतो, आणि लहान ड्रोनला जोराचं वारं सोसत नाही.

"वारं," अप्पा म्हणाले. बाकीचं त्यांनी सोडून दिलं. "वारं सुटलं म्हंजे कुणाचंच उडत न्हाई?"

"लहान उडत न्हाईत."

उठताना ते म्हणाले, "येळवशीला मी चार माणसांत बोललो त्ये बरं केलं न्हाई. त्येचा फोन आला म्हंजे सांगायचं हाय त्येला. रिकामं न्हाई म्हणून." मी म्हटलं, सांगा की. तर म्हणाले, "आवाज आला की घसा धरतोय. मग फोन देतो तुज्या अक्काकडं."

सुट्टीत मी अक्काकडे गेले तर अप्पांनी गाणगापूरला जायचं काढलं. अक्का थक्क झाली. गळ्यात लिंग असलेला हा माणूस आजवर कुठल्या देवळाची पायरी चढला नव्हता आणि अक्का माहेरच्या सवयीनं गुरुवार धरते म्हणून तिची थट्टा करायचा. आम्ही तिघं गेलो. तिथल्या पुजाऱ्यांनी लोकांच्या किती मागण्या ऐकल्या असतील! नोकरी, मूल, अंगातलं भूत, कोर्टाचा निकाल. पुजारी म्हणाले, "काय मागायचंय?"

"वारं सुटू दे म्हणा."

"पाऊस का?"

"पाऊस नको. नुसतं वारं. जोराचं."

"कुठं सुटू दे?"

अप्पांनी माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाले, "म्हाईत न्हाई. धाकटा असंल तितं."

पुजारी हसले नाहीत. त्यांनी नारळ हातात घेतला आणि नेहमीच्या शब्दांत ते मागणं बसवलं. "देव जाणतो," म्हणाले. परतीच्या वाटेवर अप्पा बसच्या खिडकीशी बसले. खिडकीतून धूळ येत होती, अक्का म्हणाली काच लावा, तर म्हणाले, "असू दे, येऊ दे."

दोन-चार दिवसांनी, दुपार कलताना फोन आला. अनोळखी नंबर होता. अक्कानं फोन अप्पांच्याच हातात दिला आणि आवाज मोठा केला. या वेळी अप्पांनी तो परत दिला नाही.

"अप्पा, बरं हाय का?"

"हाय." अप्पांनी घसा खाकरला. मी आणि अक्का दाराशी उभ्या होतो, अक्कानं माझं मनगट घट्ट धरलं होतं. "तिकडं… वारं हाय का रं?"

"वारं?" धाकटा हसला. किती दिवसांनी त्याचं हसणं ऐकलं. "न्हाई अप्पा. अजिबात न्हाई. झाडाचं पान हलत न्हाई बगा. एकदम शांत हाय हितं. तुमी काळजी करू नगा. कामून इचारलात?"

अप्पांचा चेहरा मी पाहिला आणि मला तिथून निघून जावंसं वाटलं.

"काई न्हाई. इचारलो."

"आन बोला की, अप्पा."

"रान नांगरून झालंय."

"बरं. ठेवतो, मागं पोरं थांबल्यात फोनला."

फोन बंद झाला. अक्का सासऱ्यांना मामा म्हणते, ती हळू म्हणाली, "बोलला न्हाईत की मामा तुमी." अप्पा म्हणाले, "पोरं थांबल्यात म्हणला न्हाई का. त्येंच्या बी घरी कुणीतरी बसलं असंल." मी धीर करून म्हटलं, "अप्पा, शांत हाय म्हंजे चांगलंच की." ते म्हणाले, "व्हय. चांगलंच." आणि बैलांना पाणी दाखवायला गेले. बैलांना पाणी मघाशीच दाखवून झालं होतं.

लढाई काही दिवसांत थांबली. धाकटा सुखरूप आहे. कुठे आहे ते आम्हाला नीट ठाऊक नाही. यंदा येळवशीला त्याला सुट्टी मिळाली नाही. मिळाली असती तरी आला असता का, हे अक्का आणि मी एकमेकींना विचारत नाही. त्याचा फोन आता वरचेवर येतो आणि अप्पा घेतात. पाऊस, बैल, दाजींचा गुडघा, चाचांच्या मुलीचं लग्न, सगळं बोलतात. येळवशीबद्दलचं ते एक वाक्य मात्र अजून निघालेलं नाही. अक्का म्हणते, आता त्याची काय गरज, धाकटा विसरलाही असेल. मला तसं वाटत नाही, पण मी लहान आहे, माझ्या म्हणण्याचं काय. मी एवढंच पाहिलं आहे की फोन बंद झाला तरी अप्पा तो लगेच खाली ठेवत नाहीत. कानाला तसाच धरून बसून राहतात. पलीकडून कुणी ऐकत नसतं, आणि तेव्हाच त्यांचे ओठ हलत असतात.